पांढरा भुसा

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, आणि तुमच्या कानांना वेगळा नमस्कार, कारण त्यांच्यापायीच हे पत्र लिहावं लागतंय. परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं की तुमच्या भुशाने कमाल केली, आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "हो, हो, जेवलो." आमची अख्खी प्रयोगशाळा हसत होती. चाळीस वर्षं आरागिरणीत करवतीशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला फोन करायचा नसतो, हे आता मला पटलं.

तर ऐका, म्हणजे वाचा. आम्ही लाकडातून साखर काढतो हे तुम्हाला माहीत आहे. ती चहात चालेल का, हे तुम्ही दर भेटीत विचारता. चालत नाही. त्या साखरेवर आम्ही जंतू सोडतो, ते ती खाऊन एक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लापासून प्लास्टिक बनतं. जमिनीखालचं तेल न वापरता बनतं आणि काम झालं की कुजूनही जातं. अडचण एकच आहे, लाकूड साखर सोडत नाही. त्यात लिग्निन नावाचा चिवट गोंदासारखा पदार्थ असतो, तो साखरेला धरून बसलेला असतो. झाड उभं राहतं तेच त्याच्या जोरावर. आम्ही लाकूड बारीक करतो, दाबाखाली गरम पाण्यात शिजवतो, वर पचवणारी एन्झाइम घालतो, आणि एवढा खटाटोप करून लाकडातल्या शंभर भाग साखरेतली चाळीस-बेचाळीसच हाती लागते. तीन वर्षं हेच चाललंय.

तुमच्या पोत्यातून एक्याऐंशी निघाली.

मी दोनदा मोजलं. मग बॉयलरवाल्या काकांना बोलावून त्यांच्यासमोर मोजलं. ते म्हणाले, यंत्र बिघडलंय. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

भुसा काय सुंदर होता, मामा. पांढरा, हलका, बोटांत पिठासारखा मऊ. आमच्या पुरवठादाराने ऐनवेळी हात वर केले म्हणून तुम्हाला घाईत साकडं घातलं, तरी तुम्ही माझ्यासाठी निवडक लाकूड कापलंत हे पोतं उघडताच कळलं. साहेबांना मी सांगितलं, माझे मामा गिरणीत मुख्य करवतवाले आहेत, त्यांच्या हातून वाईट लाकूड जातच नाही. पोत्यावरच्या चिठ्ठीत तुम्ही सहीनिशी लिहिलंय, पॉपलर, यंदाचं, निरोगी. तेच मी वहीत उतरवलं.

आता तसाच भुसा हवा, दर महिन्याला एक पोतं. जूनअखेर एका मोठ्या कंपनीची माणसं येणार आहेत, त्यांच्यासमोर हाच आकडा पुन्हा काढून दाखवायचा आहे. निघाला तर मोठा कारखाना उभा राहील. नाही निघाला तर काय, हे मी मनात आणत नाही.

तुमची,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद. पत्र पोचलं. मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं असावं, मान तरी हलवत होते. गिरणीत माझा आवाज त्यांना येत नाही आणि त्यांचा मला, त्यामुळे आमचं छान जमतं.

एवढं कौतुक करू नये. भुसा म्हणजे करवतीच्या तोंडचं खरकटं. साहेबांना माझ्याविषयी सांगितलंस ते बरं केलंस की नाही, कळत नाही. मी आपला साधा माणूस, मला त्या वहीबिहीत कशाला घातलंस?

पहिलं पोतं घाईत भरलं होतं. यापुढचं बघ. एकेक ओंडका हाताने निवडणार आहे, ठोकून, वास घेऊन. तुझ्या साहेबांना म्हणावं, आता खरं लाकूड बघा. एक्याऐंशी काय, नव्वद निघेल.

इकडे सगळं ठीक. गिरणीच्या मागची जागा साफ करून घेतली. वर्षानुवर्षं अडगळ पडली होती, ती बेकरीवाल्याला भट्टीसाठी देऊन टाकली. तू कधी अचानक आलीस तर पसारा दिसायला नको.

वेळेवर जेवत जा. तुझ्या आईसारखी तू उभ्याउभ्या पाव खातेस, मला माहीत आहे.

मामा


९ मार्च

मामा,

दुसरं पोतं पोचलं, प्रयोगही झाला. त्रेचाळीस.

भांडं मी स्वतः घासलं होतं. एन्झाइमची बाटली नवी होती. तापमानाचा कागद चार वेळा पाहिला, रेघ कुठे हललेली नाही. बॉयलरवाले काका म्हणतात वाफेचा दाब मध्येच घसरला होता, पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. घसरला असता तर कागदावर दिसलं असतं.

एवढंच विचारते, हे लाकूड पहिल्यासारखंच आहे ना? हा भुसा जरा पिवळसर आहे, बोटांना खरखरीत लागतो. चिठ्ठी तर तीच आहे, पॉपलर, यंदाचं, निरोगी.

साहेबांनी एक्याऐंशीचा आकडा कंपनीला कळवून टाकलाय. हल्ली जिन्यात लोक थांबून माझ्याशी हसून बोलतात आणि मी काहीतरी निमित्त काढून सटकते.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

तेच झाड, तीच वखार, तोच हात. पिवळसर म्हणजे काय? ताज्या लाकडाला रंग असायचाच.

पण तुला शंका आली ना, मग ऐक. तिसऱ्या पोत्याच्या ओंडक्यांची साल मी पूर्ण सोलली. फळ्या सावलीत वाळत घातल्या आहेत, उन्हाची तिरीपही लागू देत नाही. गाठ दिसली की तुकडा बाजूला. पात्याला नवीन धार लावून घेतली. आरा बंद असताना मालक कानाशी येऊन ओरडले, "मामा, भाचीला नवरा शोधताना तरी एवढं पारखलं असतंत का?" मी म्हटलं, तेव्हा एवढं पारखलं असतं तर तिचं लग्न टिकलं असतं. रागावू नकोस, गिरणीत असंच बोलतात.

दोष आमच्या लाकडात नाही एवढं लिहून देतो. तुमच्या यंत्रांचं तुम्ही बघा.

मामा


२१ एप्रिल

मामा,

तुमच्या तिसऱ्या पोत्यासारखा देखणा भुसा मी जन्मात पाहिला नव्हता. एकोणचाळीस.

चार वेळा केलं. एकदा शिजवायचा वेळ दुप्पट केला. एकदा एन्झाइम इतकं ओतलं की त्याचा हिशोब द्यायला लागला तर मला तोंड लपवावं लागेल. चाळीसच्या वर जात नाही. तुम्ही तिकडे जिवाचं रान करून निवडताय आणि मी इथे ते मातीत घालतेय. चूक माझ्याकडेच आहे, फक्त कुठे आहे ते सापडत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगते, अजून कुणाला सांगितलेली नाही. आमच्याकडे नियम आहे की पोतं आलं की आधी थोडा भुसा तपासायचा, त्यात लिग्निन किती, साखर किती, आणि मूठभर बरणीत बंद करून ठेवायचा, म्हणजे उद्या वाद झाला तर पुरावा राहतो. पहिल्या पोत्याची तपासणी मी केलीच नाही, नुसता बरणीत भुसा ठेवला. घाई होती, आणि तुमची चिठ्ठी होती. तपासणीच्या रकान्यात मी पॉपलरचे पुस्तकातले आकडे उतरवले. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवर मी असा विश्वास टाकला नसता. पोतं संपल्यावर बरणीतला भुसाही एक्याऐंशी पाहून चेकाळून पुन्हा प्रयोगात घातला. त्यातून ऐंशी निघाली. तेव्हा वाटलं, पक्कं झालं.

आता साहेबांनी वही मागितली आहे. तो रकाना ते बघतीलच. जिने एक रकाना पुस्तकावरून उतरवला, तिने दुसरा मनाने लिहिला नसेल कशावरून? मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मामा, मला भीती वाटतेय. आठवून बघा. काहीही वेगळं असेल, जागा, दिवस, पात्याला लावलेलं तेल, काहीही.

भिंगरी


६ मे

मामा,

उत्तर नाही. पाठ दुखतेय का? की माझं पत्र पोचलं नाही?

वही साहेबांकडे आहे. त्यांनी तो रकाना पाहिला. रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. दोन ओळी लिहा. लाकडाचं काही सांगायचं नसेल तर नुसतं खुशाल आहे एवढं लिहा.

भिंगरी


१३ मे

भिंगरे,

उशीर झाला. पाठ धरली होती, हे खरंच आहे.

तुझं पत्र दोन-तीनदा वाचलं. मी काय सांगणार? लाकडात काही फरक नाही. मी एवढी वर्षं लाकूड बघतोय, चांगल्या लाकडातून चांगलंच निघतं, वाईटातून चांगलं निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही. तेव्हा लाकडाचा विचार डोक्यातून काढून टाक.

चौथं पोतं या लॉरीने येतंय. एका ओंडक्याच्या मधल्या भागाचाच भुसा आहे, बाकी सगळा टाकला. यापेक्षा चांगलं पॉपलर या वखारीत नाही, कुठेच नसेल.

साहेब बघत राहिले तर राहू देत. तू खोटं बोलणारी नाहीस, हे मी कुठेही उभा राहून सांगेन.

मामा


३० मे

मामा,

सदतीस. सगळ्यांत चांगल्या लाकडातून सगळ्यांत कमी.

काल साहेबांनी बोलावलं. खुर्चीवर बसा म्हणाले, तेव्हाच मी काय ते समजले, कारण एरवी ते उभ्यानेच बोलतात. म्हणाले, दोनच रस्ते आहेत. आकडा खरा होता पण पुन्हा का येत नाही हे माहीत नाही, असं कंपनीला कळवायचं. मग कंपनी उठून जाईल आणि आमचा विभाग बंद होईल. आम्ही नऊ माणसं आहोत, बॉयलरवाले काका धरून, त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. नाहीतर मी लिहून द्यायचं की तो आकडा मी मनाने लिहिला. मग मी एकटी जाईन, आणि चाळीसच्या आकड्यावर का होईना, बाकीचे टिकतील. पंधरा जूनपर्यंत सांगा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

यातलं सगळ्यांत वाईट काय ते सांगू? मला स्वतःलाच आता खात्री वाटेनाशी झालीय. एक्याऐंशी मी खरंच पाहिले होते का? की तीन वर्षं चाळीस बघून इतकी कंटाळले होते की डोळ्यांनी हवा तो आकडा वाचला? काकांनीही पाहिला होता असं मी म्हणते, पण काल काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, मी चष्मा लावला होता की नाही, मला आठवत नाही." त्यांना आठवतंय, मामा. पण ते घाबरलेत.

आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला मी खोटारडी वाटते का? खरं सांगा.

भिंगरी


८ जून

भिंगरे,

तू खोटारडी नाहीस. मी आहे.

तुझी सगळी पत्रं काढून काल गिरणीमागे वाचत बसलो. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस की झाड उभं राहतं ते त्या लिग्निनच्या जोरावर, आणि तेच साखरेला धरून बसतं. फेब्रुवारीत मी ते वाचलं आणि सोडून दिलं. काल वाचलं आणि मी काय पाठवलं होतं ते कळलं.

पहिलं पोतं सडक्या लाकडाचं होतं.

तू घाईत मागितलंस तेव्हा वखारीतला चांगला ओंडका न् ओंडका पेट्यांसाठी लागलेला होता. गिरणीमागे, छपराच्या पन्हळीखाली, पॉपलरचे चार ओंडके तीन वर्षं पडून होते. कुणाच्या लक्षातही नव्हते. पाणी ठिबकून ठिबकून त्यांना पांढरी बुरशी लागली होती. एरवी दोन माणसांनी उचलायचा ओंडका मी एकट्याने काखेत मारून आणला. पातं त्यात असं गेलं की आवाजही झाला नाही. आतलं लाकूड पांढरं पडलेलं, हाताने धागे सुटत होते. उभं राहायची ताकद त्यात उरलीच नव्हती. मी मनात म्हटलं, ते लोक उकळूनच टाकणार आहेत, कोण बघतंय?

मग तुमच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी भरायला बसलो. निरोगी की किडलेलं, यावर खूण करायची होती. हात आपोआप निरोगीवर गेला. माझ्या सहीच्या वर सडकं हा शब्द आजवर कधी आला नव्हता, तुझ्यासाठीही तो आणवला नाही.

त्यानंतर तुझं पत्र आलं, मामांच्या हातून वाईट लाकूड जातच नाही म्हणून. लाजेने मेल्यासारखं झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी ठरवलं की आता इतकं चांगलं पाठवायचं की पहिल्याची भरपाई होईल. मला खरंच वाटत होतं, सडक्यातून एवढं निघालं तर चांगल्यातून किती निघेल. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, पण त्याने तुझं नुकसान होतंय हे मला कळत नव्हतं. कळत नव्हतं ही काही सबब नाही.

आता याहून वाईट. ते ओंडके उरलेले नाहीत. तू आलीस तर तुला दिसतील म्हणून मी ते बेकरीला दिले. काल धावत बेकरीत गेलो. मार्चमध्येच जळून गेले म्हणाले. त्यांच्या निखाऱ्यांवर पाव भाजले.

हे पत्र साहेबांना दाखव. हवं तर याच्याखाली अंगठाही उठवतो. मी स्वतः येऊन सांगतो.

मामा


९ जून

मामा,

तुमचं उत्तर आलं नाही. आता वाट बघत नाही, रागही नाही.

आज सकाळी मी सही केली. कागद साहेबांनी टाइप करून ठेवला होता. त्यात होतं, सदर आकडा प्रत्यक्ष मोजणीचा नसून मी अंदाजाने लिहिला. पेन चालेना, तर त्यांनी स्वतःचं दिलं. बाहेर आले तेव्हा काका जिन्यात उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, फाटकापर्यंत आले आणि पिशवी परत दिली.

पंधरा तारखेपर्यंत थांबता आलं असतं. पण रोज सकाळी जाऊन पुन्हा चाळीस काढायचे, हे मला आता जमत नाही.

भिंगरी


१७ जून

मामा,

तुमचं पत्र मी सही केली त्यानंतर सहा दिवसांनी आलं.

ते वाचून मी पहिल्यांदा काय केलं ते सांगू? हसले. चार महिने तुम्ही तिकडे साल सोलत होता, गाठी काढत होता, आणि मी इथे भांडी घासत होते, आणि दोघं मिळून आपण त्या आकड्यापासून लांब लांब जात होतो. मग रडले. मग इतका राग आला की तुमचं पत्र फाडायला घेतलं. फाडलं नाही, कारण पुरावा म्हणून माझ्याकडे आता तेवढंच आहे.

मला सडकं लाकूड चाललं असतं, मामा. तुम्ही सडकं लिहिलं असतंत तर मी त्याच दिवशी भिंग लावून ती बुरशी बघितली असती. ती काय करते माहीत आहे? लिग्निन खाते आणि साखर बरीचशी मागे ठेवते. आम्ही वाफ, दाब आणि वीज खर्चून जे अर्धवट करतो ते तुमच्या पन्हळीखाली फुकट होत होतं. पुस्तकांत अशा बुरशीविषयी आहे, मीच शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. पांढरा, हलका, धागे सुटणारा भुसा हातात घेऊन मी म्हटलं, काय निवडक लाकूड आहे. तुमची लाज होती तशी माझ्या डोळ्यांवर तुमच्या कौतुकाची पट्टी होती. म्हणून सगळा दोष तुमच्यावर टाकता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतोय.

पत्र घेऊन मी साहेबांकडे गेले होते. फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही, माझं नाव यादीतून काढलंय म्हणाला. चिठ्ठी आत पाठवली. उत्तर आलं की प्रकरण मिटलं आहे.

तुम्ही येऊ नका. तुम्हाला काही ऐकू येणार नाही आणि त्यांना काही ऐकायचं नाही. मी आकडे बनवणारी बाई आहे हे आता कागदावर आहे. दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडे कागद आधीच पोचला होता. मला अजून तुमच्याशी नीट बोलता येणार नाही, पण मी पत्र लिहिणं थांबवणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

भिंगरी


४ जुलै

भिंगरे,

तू येऊ नका म्हणालीस, तरी मी गेलो. तुला न भेटता परत आलो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो, गॅलरीत तुझे कपडे वाळत होते. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

फाटकावर दोन दिवस बसलो तेव्हा साहेबांनी आत घेतलं. माणूस वाईट नाही. चहा दिला, आणि मला ऐकू येत नाही म्हणून कागद पुढे ओढून लिहायला लागला. मी बोलायचं, त्याने लिहायचं. मी सगळं सांगितलं, पन्हळीपासून बेकरीपर्यंत. त्याने फायलीतून माझ्या चारही चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. चारही निरोगी, चारही माझ्या सहीच्या. मग लिहिलं, "यातली खोटी कोणती?" मी म्हटलं, पहिली. त्याने लिहिलं, "आणि आज तुम्ही खरं बोलताय हे कशावरून?" ज्या सहीला मी एवढं जपलं, ती आता माझ्याच कामाची राहिलेली नाही.

उठताना त्याने आणखी एक ओळ लिहिली, "भाचीसाठी आलात, मी समजू शकतो." ते सगळ्यांत लागलं. मी म्हटलं, साहेब, मी खरं सांगायला आलोय. त्याने मान हलवली, जशी मालक गिरणीत हलवतात तशी.

परत आल्यावर तीन दिवस मी आरा चालवला नाही. चौथ्या दिवशी गिरणीमागे गेलो. जिथे ते चार ओंडके पडून होते तिथली माती उकरली. वरच्या थराखाली पांढरे धागे अजून आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे, ओलसर. ओंडके मी भट्टीला घातले, पण माती तिथेच राहिली होती.

मालकांकडून पॉपलरचे सहा ओंडके मागून घेतले. ताजे, सालासकट. त्या मातीत अर्धे पुरले, खाचा पाडून आत ती माती भरली, वर छपराची पन्हळ फोडली, म्हणजे पाणी ठिबकत राहील. पन्हळीने पुरणार नाही म्हणून रोज सकाळी पाणी मारतो. पहिल्या दिवशी नळी हातात घेतली तेव्हा हात उठेना. चाळीस वर्षं मी लाकडाला पाणी लागलं की लोकांवर ओरडलोय. मालक येऊन उभे राहिले, काय चाललंय म्हणून खुणेने विचारलं. मी सांगितलं, लाकूड सडवतोय. ते हसत गेले, मग परत आले आणि दुसरी नळी जोडून दिली.

अडीच-तीन वर्षं लागतील. तेव्हा मी सत्तरीला पोचेन. बुरशी तीच लागेल की दुसरी, ते कुणालाच सांगता येणार नाही. लागली आणि भुसा पांढरा निघाला तर दुसऱ्या कुणाच्या भांड्यात का होईना, तू तो शिजव आणि मोज, कुणीतरी बघत असताना. त्या साहेबाला मी नाही पटवू शकलो, पण शिजवलेला भुसा माझ्या सहीवर चालत नाही. तोवर तू काय करशील, कसं निभावशील, हे मला माहीत नाही, आणि तेच मला खातंय. तुझी तीन वर्षं मी जाळली आणि वर आता आणखी तीन मागतोय. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण कागदावर घाल, नाहीतर मला ऐकू येणार नाही.

काल एका ओंडक्याच्या टोकाला हिरवट डाग दिसला. ती निराळी बुरशी, तिचा उपयोग नाही. चाकूने खरवडून काढली आणि पुन्हा पाणी घातलं.

मामा